वाणाची गाळणी

या सगळ्यात मधुकर आगट्यांना सुटण्यासारखं काय होतं, ते आधी पाहून घेतलेलं बरं. पैसा म्हणाल तर नाही. सल्लागार कंपनीतल्या माणसाला पगार मिळतो, आणि त्यानं एंजिन कुठलंही निवडलं तरी तो तेवढाच मिळतो. बढती म्हणाल तर निवृत्तीला दोन पावसाळे उरलेल्या माणसाला ती कुणी देत नाही आणि दिली तरी ती वापरायला वेळ नसतो. पुण्याला बदलीही नको होती, कारण तिथल्या फ्लॅटला भाडेकरू चांगला लागला होता. म्हणजे एका बाजूला पूर्ण शून्य. दुसऱ्या बाजूला एकच गोष्ट होती: आपण काही घेतलेलं नाही, हे लोकांना दिसावं. ही हाव लहान वाटते. पण पैशाच्या हावेला निदान पोट तरी असतं, ते कधीतरी भरतं. स्वच्छ दिसण्याच्या हावेला पोटच नसतं, त्यामुळं ती कितीही खाते.

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. कलकत्त्यात, सॉल्ट लेकमधल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात सकाळचं ऊन स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत आलं होतं. "बाबा, चहा खाणार?" असं सायलीनं विचारलं. ती इथंच वाढलेली, त्यामुळं बंगाल्यांसारखी चहा 'खायची', आणि ते दुरुस्त करण्याचा नाद आगट्यांनी केव्हाच सोडला होता. कप हातात आला. पहिला घोट घेतला आणि त्यांच्या लक्षात आलं की जिभेला भुकटी लागली नाही. जुन्या गाळणीच्या जाळीला भोक होतं. रोजच्या चहात तळाशी काळा गाळ राहायचा आणि शेवटचा घोट ते तसाच टाकायचे. आज गाळ नव्हता. मोरीच्या कडेला चकचकीत, लांब दांड्याची नवी गाळणी उपडी घातलेली दिसली.

"ही कधी आणली?"

"आणली नाही, वाण आलंय," मंगला म्हणाली. "आभाकडे हळदीकुंकू होतं ना परवा."

"कोण आभा?"

"अहो, अनिकेतची बायको. तुमच्या त्या एंजिनवाल्या अनिकेतची. एवढीशी आहे हो पोर, आणि त्यात तिला—"

पुढचं आगट्यांनी ऐकलं नाही. दुसरा घोट तोंडात होता तो गिळावा की नाही, एवढाच प्रश्न त्या क्षणी जगात उरला होता. त्यांनी गिळला, आणि तो गरम चहा घशातून छातीत, छातीतून पोटात उतरताना त्यांना वाटलं, आता काही केलं तरी तो परत वर काढता येणार नाही.

प्रकरण असं होतं. बागबाजारात एका जुन्या ट्रस्टचं रुग्णालय आहे. त्यांना तळघरात स्वतःची वीज करायची होती, आणि वीज करताना एंजिन जे तापतं तो ताप वाया न घालवता त्याच्यावरच वॉर्डांचं, धुलाईचं, स्वयंपाकाचं पाणी तापवायचं होतं. मोटारीत हा ताप आपण रेडिएटरमधून वाऱ्यावर सोडून देतो. इथं तो पकडून नळातून सोडायचा. कल्पना साधी आहे, निवड अवघड. कारण लोक एंजिन विजेकडं बघून घेतात, आणि घ्यायला हवं ते गरम पाण्याकडं बघून: पाणी किती लागतं, कधी लागतं, आणि एंजिनाचा ताप कुठून निघतो. शेवटी दोन देकार उरले होते. एक अनिकेतच्या पुण्याच्या कंपनीचा: गॅसवर चालणारी दोन लहान पिस्टनची एंजिनं, एकाचं तेल बदलायला घेतलं तर दुसरं चालू. दुसरा एका परदेशी कंपनीचा: एकच छोटी टर्बाइन, देखणी, कपाटासारखी, आवाज कमी, आत हलणारे भाग जवळजवळ नाहीत. आगट्यांच्या हाताखालच्या देवयानी सान्यालनं पावसाळ्यापासून रुग्णालयाच्या नळांवर मापकं बसवून ठेवली होती, आणि तिचा कौल स्वच्छ होता: पुण्याची दोन. तोपर्यंत आगट्यांचाही तोच होता. गाळणी घरात आली त्या सकाळपर्यंत.

अनिकेत पहिल्या भेटीतच "काका" म्हणाला होता. आपल्याकडचं माणूस परमुलखात भेटलं की होतं तसं झालं. कोथरूडचा कुठला चौक, कुठल्या शाळेत, कुठल्या मास्तरांचा मार. बैठकीला डॉक्टर लाहिरी होते, ट्रस्टचे सचिव, बागबाजारातच जन्मलेले. ते दोघांकडं आळीपाळीनं बघून हसले होते. "आगटेबाबू, आमच्या या गल्लीपासूनच तो मराठा खंदक सुरू व्हायचा, ठाऊक आहे ना? बर्गी, म्हणजे तुमचे मराठे स्वार, येणार, लुटणार म्हणून खणला. म्हणतात, खर्च आमच्याच लोकांच्या खिशातून गेला. आणि तुम्ही लोक आलातच नाहीत! आता इतक्या वर्षांनी आलात, ते दोघं मिळून, आणि हातात कोटेशन!" सगळे हसले. अनिकेत सगळ्यांत मोठ्यानं हसला. आगटेही हसले, पण तो शब्द त्यांच्या कोटाला काटा लागावा तसा लागून घरी आला. बर्गी. दोघं मिळून. म्हाताऱ्यानं सहज म्हटलं असेल. पण सहज म्हटलेल्याचाच हिशेब ठेवावा लागतो, मुद्दाम म्हटलेल्याला उत्तर तरी देता येतं.

आणि आता वाण. कपाटात न लपवता मोरीवर सगळ्यांना दिसेल असं ठेवलेलं. चहाच्या गाळणीनं कुणी लाच देतं का? देत नाही, म्हणूनच दिली असेल. पाकीट दिलं तर ते परत करता येतं. वाण परत करता येत नाही. सवाष्णीच्या हातून हळदीकुंकवासोबत आलेली वस्तू घरात येऊन बसते, तिची किंमत विचारायची नसते. शिवाय रोज सकाळी तिच्यातून गळलेलं आपल्या पोटात जातं. अनिकेत हुशार होता. कामाच्या दारातून आला नाही, बायकांच्या दारातून आला. ऑफिसला जाताना ऑटोत, गुडघ्यावर बॅग धरून, आगट्यांनी हे सगळं जुळवलं तेव्हा त्यांना जवळजवळ समाधान वाटलं.

संध्याकाळी त्यांनी मंगलाला विचारलं, "केवढ्याची असेल?"

"वाणाची किंमत विचारतात का? इतकी वर्षं झाली लग्नाला, तेवढं तरी—"

"परत देऊन ये."

"काय बोलताय! तिला दिवस गेलेत, पहिलंच आहे, इथं आई ना सासू. हातीबागानच्या बाजारात मीच गेले होते तिच्याबरोबर, अहो, ऐकून तरी घ्या—"

"काम संपेपर्यंत त्यांच्याकडे जाणं-येणं बंद. आणि ती गाळणी मला दिसता कामा नये."

मंगलानं गाळणी वर्तमानपत्रात गुंडाळून वरच्या फळीवर, पुरणयंत्राच्या मागं टाकली, आणि दुसऱ्या दिवसापासून चहात पुन्हा गाळ यायला लागला.

प्रेशर कुकर. तो शब्द त्यांनी मनात येऊ दिला नव्हता, पण तो सकाळपासूनच तिथं होता. मिरजेला त्यांचे वडील नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात ओव्हरसियर होते. एका दिवाळीत घरात कुकर आला. गल्लीतला पहिला. आणि त्याच महिन्यात नव्या टाकीचं कंत्राट ज्याला मिळालं, त्याचं भांड्यांचं दुकान होतं. कुणी तोंडावर काही बोललं नाही. पण रोज सकाळी शिट्टी झाली की शेजारच्या ओसरीवर कुणीतरी म्हणे, "झाली बरं का टाकीची शिट्टी." आईनं पुढं पुढं कुकरवर ओला टॉवेल दाबायला सुरुवात केली, शिट्टी घुसमटून निघे, आणि तिच्या हाताला वाफ लागून चट्टे पडत. वडील म्हणत, "कुकर मी विकत घेतलाय. हप्त्यानं घेतलाय." चौकशीही झाली, तिच्यातून काही निघालं नाही, आणि काही निघालं नाही म्हणूनच लोकांची खात्री पटली. मधुकर तेव्हा सातवीत. त्यानं वडिलांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते काहीतरी म्हणाले असते, आणि मग त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवावं लागलं असतं. कुकरमधला भात मात्र तो खायचा. मऊ व्हायचा.

देवयानीचा संशय त्यांना गाळणीच्याच आठवड्यात आला. सेक्टर फाइव्हमध्ये ऑफिसच्या खाली, चहाच्या टपरीपाशी ती अनिकेतबरोबर उभी होती. हातात मातीचे कप, आणि ती कशाला तरी मनापासून हसत होती. वरच्या काचेतून आगटे बघत राहिले. एका बंगाली मुलीला पुण्याच्या एंजिनांचं एवढं काय? तिला यात सुटण्यासारखं काय? त्यांनी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही. ज्याचा फायदा दिसत नाही त्यानं तो लपवलेला असतो, असा त्यांचा ठोकताळा होता. तोच ठोकताळा कुणी आगट्यांना लावला असता तर काय उत्तर आलं असतं, हा भाग त्यांनी तपासला नाही. तपासणारे ते होते ना.

निवड करायची पद्धत अशी असते की प्रत्येक गुणाला वजन द्यायचं. विजेला इतकं, उष्णतेला इतकं, देखभालीला, आवाजाला, जागेला इतकं. मग बेरीज. बेरीज कधी खोटं बोलत नाही; वजनं कुणी दिली एवढंच विचारायचं नसतं. आगट्यांनी आवाजाचं वजन वाढवलं. हलत्या भागांचं वाढवलं. उष्णतेचं थोडं कमी केलं. प्रत्येक बदलाला कारण होतं, आणि प्रत्येक कारण खरं होतं: टर्बाइन खरंच शांत असते, तिला तेलाची कटकट खरंच कमी. इतकी खरी कारणं एका ठिकाणी जमवून त्यांनी एक खोटं काम केलं, आणि ते करताना त्यांना आयुष्यात कधी नव्हतं इतकं प्रामाणिक वाटत होतं.

देवयानी कागद घेऊन त्यांच्या टेबलापाशी आली. "मधुकरदा, आवाजाला एवढे गुण? त्या रस्त्यावर दिवसभर बसचे कंडक्टर पत्रा बडवत ओरडतात. आपलं एंजिन तळघरात. कुणाला ऐकू जाणार?"

"रुग्णालय आहे. शांतता लागते."

"आणि मे महिना? टर्बाइन हवा ओढते. हवा जितकी तापलेली तितकी तिची ताकद कमी. इथल्या उन्हाळ्यात ती नेमकी तेव्हाच बसेल जेव्हा सगळे एसी चालू असतील. त्यातून गॅस दाबून आत घालायला वेगळा कॉम्प्रेसर. तो बंद पडला की सगळंच बंद. दोन एंजिनं असली तर एक तरी—"

"तुझा त्या दोन एंजिनांवर फार जीव दिसतो."

तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही, मग हळूहळू समजलं. आगटे ते बघत होते. समजलं म्हणजे दोषी, असं त्यांच्या मनानं लगेच लिहून घेतलं. निर्दोष माणसालाही समजतं, हे लिहायला जागा उरली नव्हती. त्यांनी वरिष्ठांना आरोप कळवला नाही. आरोप करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी फक्त एवढं कळवलं की या कामात ताज्या नजरेचा माणूस असावा. देवयानीला हावड्याच्या एका कारखान्यातली बॉयलरची तपासणी दिली, नंतरच्या दोन कामांतही तिचं नाव आलं नाही, आणि दुर्गापूजेच्या आधी तिनं नोकरी सोडली. निघताना ती त्यांच्या टेबलापाशी उभी राहिली. "एक सांगू मधुकरदा? त्या दिवशी टपरीवर तुम्ही वरून बघत होता ते मला दिसलं होतं. चहाचे पैसे मी दिले होते. त्याच्याकडं सुटे नव्हते."

आगटे म्हणाले, "मी कुठं काय विचारलं?"

"तेच ना," ती म्हणाली.

टर्बाइन आली. डॉक्टर लाहिरींनी तिच्यावरून हात फिरवून "वा, कसं कपाट आहे, साड्या ठेवाव्यात," असं म्हटलं आणि आगट्यांच्या पाठीवर थाप मारली. "बर्गी असून आपल्या माणसाला बाजूला सारलंत. मानलं." त्या वाक्यासाठी आगट्यांनी वर्षभर काम केलं होतं. ते वाक्य मिळालं. घरी येताना ऑटोत त्यांनी ते दोनतीनदा मनात म्हणून पाहिलं; पण तोंडात ते विरघळेना, जिभेवर कण राहिले. आपल्या माणसाला. म्हणजे म्हाताऱ्यानं तेव्हा सहज म्हटलं नव्हतं? की आत्ता सहज म्हटलं? जागा करायची म्हणून तळघरातला जुना बॉयलर भंगारात काढायची शिफारसही त्यांचीच होती. थंडीत सगळं छान चाललं. मराठी मंडळाच्या संक्रांतीला मंगलाला लांबून आभा दिसली, खांद्याशी बाळ होतं, आणि मंगलानं साडीच्या दुकानातल्यासारखी मान दुसरीकडं वळवली. हे तिनं घरी सांगितलं नाही. सायलीनं सांगितलं: "आईनं त्यांना बघून पण बघितलं नाही."

मग मे आला. दुपारची हवा तळघरात उतरली तीच तापून, दमट होऊन. वीज कमी होत गेली, पाठोपाठ कॉम्प्रेसर गेला, त्याचा भाग परदेशातून यायचा होता. नळांना गार पाणी. आगटे स्वतः गेले तेव्हा धुलाईच्या खोलीत चादरींचे ढीग छताला टेकले होते, आया स्वयंपाकघरातल्या गॅसवर पातेली चढवून बादल्या वॉर्डात नेत होत्या, पुढं ढकललेल्या ऑपरेशनांची माणसं बाकांवर बसून होती. फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर रांग होती. चहासाठी नव्हती. बाळंतिणींचे नवरे, सासवा थर्मास घेऊन गरम पाणी विकत घेत होते, आणि टपरीवाल्यानं भाव चढवला होता. एका म्हातारीनं त्यांना रांगेत पुढं जाऊ दिलं. साहेब दिसतात, घाईत असतील. ते "नको, नको" म्हणत बाजूला झाले. त्यांच्या मनाचा एक कोपरा तरीही हिशेब करत होता: कॉम्प्रेसर निकृष्ट दिला असेल, कुणी दिला, कुणाला सुटलं? सवय अशी लवकर जात नाही. गॅसवाला, कॉम्प्रेसरवाला, लाहिरी, सगळ्यांना त्यांनी एकेक करून उभं केलं. सगळ्यांच्या खिशात हात घालून पाहिला. एक खिसा तेवढा राहिला.

जूनमध्ये, एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात आभा, कडेवर मुलगी, आठनऊ महिन्यांची, डोळ्यांत काजळ. अनिकेत खाली टॅक्सीत थांबला होता. वर यायला तयार नव्हता. मंगला ओले हात पुसत बाहेर आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"काकू, आम्ही पुण्याला चाललो कायमचे. इथली शाखा बंद केली कंपनीनं. ते बागबाजारचं काम मिळेल म्हणूनच उघडली होती, मग वर्षभर ओढली कशीबशी." ती हे रागानं बोलत नव्हती. आगटे वर्तमानपत्रामागं होते, आणि ते वर्तमानपत्र खाली कसं ठेवायचं हे त्यांना सुचत नव्हतं. आभानं पर्समधून पाकीट काढलं. "हे तुमचे. फार राहून गेलं, मग येणंच झालं नाही."

"कसले गं?"

"गाळण्यांचे, काकू. हातीबागानला तुम्हीच भरले नव्हतेत का सगळ्या गाळण्यांचे? यांचा पगार अडकला होता तेव्हा. म्हणालात, सगळ्या बायकांना वाण गेलंच पाहिजे, पहिलं हळदीकुंकू आहे तुझं, मागाहून दे. मला झोप नव्हती हो त्या पैशांची."

"ठेव ते. बाळाच्या हातावर ठेव," मंगला म्हणाली, आणि मुलीला घ्यायला हात पुढं केले. मुलगी ओळखीची नव्हती. ती रडायला लागली आणि आईच्या खांद्यात तोंड खुपसून बसली. मंगलाचे हात काही वेळ तसेच राहिले. आभा वाकून दोघांच्या पाया पडली. आगट्यांच्या तोंडून "सुखी राहा" निघालं, ते त्यांना दुसऱ्याच कुणाच्या आवाजातलं वाटलं.

टॅक्सी गेल्याचा आवाज आला. मंगला आत गेली. स्टुलावर चढून तिनं फळीवरचं पुरणयंत्र सरकवलं, पिवळा पडलेला कागद सोडवला, गाळणी धुतली आणि चहा टाकला. हे तिनं तेव्हाच सांगायचा प्रयत्न केला होता. तेव्हाचं वाक्य अजून ओट्यापाशी अर्धवट उभं होतं. घरखर्चाचे पैसे दर एक तारखेला आगटेच तिच्या हातात देत. म्हणजे ज्या लाचेला ते भ्याले, ती त्यांच्याच घरातून, त्यांच्याच पगारातून निघून, हातीबागानला जाऊन, आभाच्या हळदीकुंकवातून फिरून त्यांच्याच कपावर आली होती. खंदक खणून बसलेल्या माणसावर चालून आलेला बर्गी तो एवढाच.

कप समोर आला. गाळ नव्हता. वाफ तोंडावर आली, आणि त्या वाफेत आईचे चट्टे पडलेले हात दिसले, टॉवेलाखाली घुसमटणारी शिट्टी ऐकू आली. हप्त्यानं घेतलाय, वडील म्हणाले होते. भरलेही असतील हप्ते. आता विचारायला कुणी नव्हतं.

तर कुणी काय भरलं, ते असं. टर्बाइनचे पैसे ट्रस्टनं भरले. गरम पाण्याचे बाळंतिणींच्या सासवांनी, टपरीवर, चढ्या भावानं. टपरीवरच्या त्या दोन चहांचे देवयानीनं, आणि नोकरीही तिचीच गेली. अनिकेतनं कलकत्ता भरलं. मंगलानं एक लेकीसारखी पोर आणि एक मूल, जे तिच्या हातात येता येता रडलं. मधुकर आगट्यांनी कुणाकडून काही घेतलं नाही, त्यामुळं त्यांच्या नावावर काही निघत नाही. निघते ती फक्त गाळणी. आणि तिचे पैसे त्यांनी पहिल्याच दिवशी रोख भरले होते.